देवाच्या ठेवी कोणाच्या धंद्यात?

भाविकांसाठी, विश्वस्तांसाठी आणि दानपेटीत कधी ना कधी दहाची नोट टाकलेल्या प्रत्येकासाठी



नारदाच्या गादीवरून बुवा सांगतात, दारूला शिवू नका. देरासरात महाराजसाहेब सांगतात, हिंसेच्या धंद्यापासून दूर राहा. मशिदीत सांगितले जाते, व्याज हराम आहे. विहारात सांगितले जाते, उपजीविका सम्यक असू द्या. आपण माना डोलावतो आणि उठताना दानपेटीत नोट टाकतो. ती नोट मोजली जाते, बँकेत जाते, तिची मुदत ठेव होते. पण ती ठेव पुढे काय करते, याबद्दल गादीवरून चकार शब्द निघत नाही.

बँक ठेव कपाटात जपून ठेवत नाही, ती कर्जाऊ देते. जिल्हा बँक साखर कारखान्याला पैसे देते आणि अनेक कारखान्यांच्या आवारात डिस्टिलरी असते. मोठी बँक तंबाखूच्या आणि मद्याच्या कंपन्यांना भांडवल पुरवते. वसुली थकली की तीच बँक शेतकऱ्याच्या जमिनीवर जप्तीची नोटीस लावते. ज्या माळकऱ्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, त्याने विठोबाला वाहिलेले पैसे भट्टीखाली सरपण म्हणून गेले नसतील, हे कोण सांगू शकेल? आज तरी कोणीच नाही, कारण तसे कोणी विचारलेलेच नाही.

विलायतेतली फजिती

हा प्रश्न न विचारल्याने काय होते, ते इंग्लंडच्या चर्चने जगासमोर दाखवून दिले आहे. २०१३ च्या जुलैमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी ‘वोंगा’ या कंपनीविरुद्ध दंड थोपटले. पगार होईपर्यंतच्या अडचणीसाठी गरिबांना झटपट कर्ज देण्याचा हिचा धंदा होता. जाहिरातीतला वार्षिक दर ५,८५३ टक्के! आर्चबिशप म्हणाले, आम्ही पतपेढ्यांना बळ देऊ आणि स्पर्धा करून वोंगाला बाजारातून उठवू. लोकांनी वाहवा केली. ती विरते न विरते तोच ‘फायनान्शियल टाइम्स’ने बातमी छापली, की चर्चचाच पैसा वोंगात आहे.

पैसा थेट गेलेला नव्हता. चर्चने एका गुंतवणूक फंडात पैसे घातले होते आणि त्या फंडाने वोंगात. रक्कम जेमतेम ७५ हजार पौंड. चर्चच्या अब्जावधी पौंडांच्या निधीत ती चिमूटभरच. पण गुरूच्या शब्दाला बट्टा लागायला चिमूटही पुरते. आर्चबिशपांनी आपली मान खाली गेल्याचे उघड मान्य केले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभले. त्या चिमटीतून हात सोडवून घ्यायला मात्र चर्चला २०१४ चा जुलै उजाडला.

या प्रकरणात खरी गोष्ट पुढे आली ती चर्चच्या नियमावलीतली. एखाद्या कंपनीची २५ टक्क्यांपर्यंतची कमाई जुगारातून, दारूतून किंवा चढ्या व्याजातून येत असली, तरी तिच्यात पैसे घालायला मुभा होती. अश्लील साहित्यासाठी मर्यादा तीन टक्क्यांची. म्हणजे व्यासपीठावर पाप हे पापच. हिशेबाच्या वहीत मात्र चोवीस टक्के पाप चालेल!

हे दुखणे नवे नाही. गरीब पाद्र्यांना आधार म्हणून १७०४ मध्ये ‘क्वीन अ‍ॅन्स बाउंटी’ हा निधी उभा राहिला. त्याचे पैसे ‘साउथ सी कंपनी’त गुंतवले गेले आणि ती कंपनी आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेत होती. अडीचशेहून अधिक वर्षांनी चर्चने स्वतःच आपली जुनी दप्तरे उघडली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या पापाची भरपाई म्हणून १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. चर्चवाल्यांना हसायला हे उदाहरण आम्ही देत नाही. त्यांनी वही उघडली, आपण ती बांधून ठेवली आहे. फरक एवढाच, आणि तो आपल्या बाजूचा नाही.

वही बांधून ठेवणारे तिकडेही आहेत. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चच्या गुंतवणूक संस्थेने तेरा कंपन्यांच्या आडोशाने आपले शेअर वर्षानुवर्षे झाकून ठेवले. २०१८ पर्यंत त्यांची किंमत सुमारे ३२ अब्ज डॉलरवर गेली होती. एवढी संपत्ती चर्चच्या नावाशी जोडली जाऊ नये, हा झाकण्यामागचा हेतू. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या रोखे नियामकाने संस्थेला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलरचा दंड केला. सत्य बोला हे ज्यांच्या शिकवणीतच आहे, त्यांना सरकारला सांगावे लागले, की खरे काय ते लिहून द्या.

आपला कायदा काय विचारतो?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ मध्ये विश्वस्तांनी पैसा कुठे ठेवावा ते सांगितले आहे : अनुसूचित बँक, टपाल बचत, मान्य सहकारी बँक, सरकारी रोखे. कायद्याला काळजी आहे पैसा बुडू नये याची, आणि ती योग्यच आहे. पण पैसा काय काम करतो हे कायदा विचारत नाही. ते विचारणे धर्माचे काम होते. धर्माने ते चार्टर्ड अकाउंटंटवर सोपवले.

आणि नुसती सुरक्षितता तरी सांभाळली जाते का? ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा पुरीच्या जगन्नाथाच्या सुमारे ५४५ कोटींच्या ठेवी तिथे अडकल्या होत्या. ज्याचा रथ लाखो हात ओढतात, त्याच्या खजिन्यालाही पैसे काढण्याची ५० हजारांची मर्यादा लागते की काय, म्हणून ओडिशा हवालदिल झाला. पैसे पुढे सुटले. पण ते तिथे ठेवताना कोणी भक्तांना विचारले होते का?

विश्वस्तांची तीन उत्तरे

पहिले उत्तर : ‘बँक कर्ज कोणाला देते ते आम्हाला कसे कळणार?’ कळते. मोठ्या बँका ‘बासेल’ या आंतरराष्ट्रीय बँकिंग नियमांनुसार आपल्या कर्जांची उद्योगवार आकडेवारी प्रसिद्ध करतात. तिच्यात ‘पेये आणि तंबाखू’ असा वेगळा रकानाच असतो. शिवाय कोट्यवधींची ठेव मिळावी म्हणून शाल-श्रीफळ घेऊन बँकेचे साहेब तुमच्या कार्यालयात येतात. त्यांना चहाबरोबर हा प्रश्नही द्या. लेखी उत्तर मागा.

दुसरे उत्तर : ‘व्याजावरच अन्नछत्र चालते, दवाखाना चालतो.’ चालू द्या. दवाखान्यात यकृत सडलेला रुग्ण दाखल करून घ्यायचा आणि त्याला दारू पुरवणाऱ्या धंद्याच्या व्याजातून त्याचे औषध आणायचे, याला सेवा म्हणायचे असेल तर म्हणा. पाव-अर्धा टक्का कमी घेऊन स्वच्छ व्याज मिळत असेल, तर त्या अर्ध्या टक्क्यासाठी भक्तांपुढे झोळी पसरा. भक्त ती भरतील.

तिसरे उत्तर : ‘पैसा आमचा नाही, देवाचा आहे, आमची मते त्यावर लादता येत नाहीत.’ हे उत्तर वजनदार आहे. तुकोबांची आठवण इथेच काढायला हवी. घरी महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या पैशावर त्यांनी आपले वैराग्य लादले नाही. कबूल! पण देवाच्या पैशाच्या बाबतीत देवाला काय हवे, ते तर तुम्हीच रोज माइक लावून सांगता. तेच वहीत उतरवा.

यादी शोधायला जायला नको

जैन श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत जंगलतोडीपासून विषाच्या व्यापारापर्यंत सगळे आहे. बुद्धाने उपासकाला पाच व्यापार मना केले : शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. वारकऱ्याची माळ मद्य-मांस सोडल्याशिवाय गळ्यात पडत नाही. मुसलमानांचा व्याजाविषयीचा दंडक जगजाहीर आहे. गुंतवणुकीचे धोरण ठरवायला सल्लागार नेमण्याची गरज नाही. धोरण पोथीत आहे, फक्त ते बँकेच्या फॉर्मपर्यंत पोचलेले नाही.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक देवस्थानाने, मग ते कोणत्याही धर्माचे असो, आपल्या सर्व ठेवी आणि रोख्यांची यादी दरवर्षी दर्शनी फलकावर लावावी : बँक, रक्कम, व्याजदर, मुदत.

२. आपल्याच शिकवणीतून वर्ज्य धंद्यांची यादी ठरवून विश्वस्त मंडळाने ती ठरावाने मंजूर करावी. त्यात टक्केवारीच्या पळवाटा नकोत.

३. ठेव ठेवण्याआधी बँकेकडून कर्जवाटपाचा उद्योगवार तपशील लेखी घ्यावा. तो न देणाऱ्या बँकेत ठेव नको.

४. काही देवस्थाने आता डीमॅट खात्यातून शेअरचेही दान घेतात. कोणत्या कंपनीचे शेअर आले आणि ते किती दिवस ठेवले, हे जाहीर करावे.

५. देवस्थानाच्या जमिनी आणि गाळे कोणाला, किती भाड्याने दिले आणि तिथे काय विकले जाते, हेही त्याच फलकावर यावे.

तुम्ही काय कराल?

पुढच्या वेळी दानपेटीजवळ गेलात की नोटेसोबत एक चिठ्ठी टाका : ‘हे पैसे कुठे ठेवणार?’ देणगी कार्यालयात पावती घेताना हेच विचारा. उत्तर मिळाले नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्या संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालाच्या नकलेसाठी अर्ज करा. गावच्या सप्ताहात, उत्सव समितीच्या बैठकीत, वार्षिक सभेत उठून उभे राहा. कोणी म्हणेल, देवाच्या दारात हिशेब कसला मागता? सांगा, हिशेब देवाला नाही, देवाच्या कारभाऱ्यांना मागतो आहोत. आणि वर्षभरात फलक लागला नाही, तर दान थांबवू नका. ते उपाशी माणसाच्या हातात थेट द्या आणि का दिले, ते विश्वस्तांना लेखी कळवा.

आपले,
हिशेब मागणारे काही भाविक

(वाचून झाल्यावर हे पत्रक फेकू नका, दुसऱ्याला द्या.)