सोनखत हवे, पण कुणाच्या हातांनी?

सोनखत हा शब्द आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चांगला ठाऊक आहे. माणसाच्या मैल्याला जमीन सोने म्हणायची, पण तो डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाला गाव विटाळ म्हणायचे. खताची किंमत बागायतदाराला मिळायची. रोग, दुर्गंध आणि अपमान वाहणाऱ्याच्या वाट्याला यायचा. आज जगभर मैलापाण्यातून खत परत मिळवण्याची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. तिचे आम्ही स्वागत करतो, मात्र काही अटींवर.

आधी आरोग्याचे पाहू. खेडसारख्या लहान शहरात बहुतेक घरांचा मैला सेप्टिक टाकीत जातो. टाकी वर्षानुवर्षे उपसली नाही की गाळाने भरते आणि घाण पाणी तसेच गटारात किंवा जमिनीत उतरते. आपली जमीन जांभ्याची, सच्छिद्र. टाकीतून झिरपलेले पाणी विहिरीपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. कावीळ, विषमज्वर, जुलाब आणि पोटातले जंत याच वाटेने घरात येतात. जुलै 2021 मध्ये जगबुडीचे पाणी खेडमध्ये शिरले. अशा पुरात टाकी, गटार आणि विहीर यांत भेद उरत नाही.

मैलापाण्यात रोगजंतू असतात, तसे नत्र, स्फुरद आणि पालाशही असते. ते नदीत गेले की शेवाळ माजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. जगबुडी पुढे वाशिष्ठीला आणि दाभोळच्या खाडीला मिळते. म्हणजे आपण सोडलेल्या घाणीचा भार शेवटी खाडीवर पोट भरणाऱ्यांवर पडतो. तेच द्रव्य शेतात गेले तर पीक येते. भारतीय आहारावर जगणाऱ्या माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे 2.7 किलो नत्र आणि 0.4 किलो स्फुरद बाहेर पडते. दहा हजार वस्तीचा हिशेब केला तर 27 टन नत्र होते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत मोजले तर सुमारे 1300 गोण्या. हे सगळे हाती लागत नाही, बराच भाग हवेत आणि पाण्यात जातो. पण निम्मे मिळाले तरी ते थोडे नाही. पालाश आपला देश जवळजवळ पूर्ण आणि स्फुरदाचा दगड बहुतांशी परदेशातून आणतो, हेही लक्षात ठेवावे.

मोठ्या शहरांत यासाठी वेगळे यंत्र बसवतात. मैलापाण्यात मॅग्नेशियम घालून स्ट्रुव्हाइट नावाचे दाणेदार खत काढतात. शिकागोच्या स्टिकनी केंद्रात ते 2016 पासून निघते. जर्मनीने 2017 च्या नियमाने मोठ्या केंद्रांना 2029 पासून स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले. खेडला एवढ्या मोठ्या यंत्राची गरज नाही. आपल्याजवळचे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या वाईचे. तिथल्या नगरपरिषदेने 2018 पासून घराघरांतल्या टाक्या तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि गाळासाठी वेगळे प्रक्रिया केंद्र उभारले. टाकी तुंबली की धावाधाव, हा प्रकार तिथे बंद करण्याचा प्रयत्न झाला. लहान शहराला हे जमते.

कोकणात मात्र पावसाचा विचार आधी हवा. गाळ वाळवायच्या वाफ्यांवर छप्पर नसेल तर चार महिने तिथे चिखलच राहील. शुद्ध केलेल्या पाण्याला पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही. नोव्हेंबर ते मे मात्र आंबा-काजूच्या कलमांना आणि रोपवाटिकेला ते उपयोगी पडेल. पालेभाजीला नको. जांभ्याची माती स्फुरद धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. तिला सेंद्रिय खताची जोड लागते, म्हणून चांगला कुजवलेला गाळ आपल्याकडे कामाचा आहे. जंतांची अंडी मात्र चिवट असतात, गाळ नुसता वाळवून ती मरत नाहीत. खताच्या ढिगात पुरेशी उष्णता चढली पाहिजे आणि प्रयोगशाळेची तपासणी झाल्याखेरीज एक गोणीही बाहेर जाता कामा नये. कारखान्याचे सांडपाणी यात मिसळू देऊ नये. लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आपल्याच तालुक्यात आहे. जड धातू एकदा गाळात आले की ते खत उरत नाही, विष होते.

आता अटी.

पहिली अट हातांची. टाकीत माणूस उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास वारसांना 30 लाख रुपये द्यावेत असा निकाल दिला. आम्हाला भरपाई नको, मृत्यूच नको. उपसा यंत्राने आणि टँकरने व्हावा. केंद्रावरचा कामगार कायमस्वरूपी नेमणुकीचा असावा, त्याला हातमोजे, गमबूट, लसी आणि वर्षातून एकदा तपासणी मिळावी. आणि ती नोकरी कोणत्या एका जातीसाठी राखून ठेवलेली नसावी. यंत्र चालवणारा, रसायन तपासणारा, हिशेब ठेवणारा आमच्यातला असेल आणि झाडू मारणारा दुसऱ्या कुठल्या समाजातला असेल, तर त्यात नवल वाटू नये, इतका बदल आम्हाला हवा आहे.

दुसरी अट जागेची. असे केंद्र उभारायचे म्हटले की सरकारी नजर गावाबाहेरच्या जमिनीकडे वळते आणि गावाबाहेर कोण राहते हे आपण जाणतो. 2021 च्या त्याच पावसात आपल्या तालुक्यात पोसरे बौद्धवाडीवर दरड कोसळली आणि आपली माणसे गेली. धोक्याची जमीन नेहमी आमच्याच वाट्याला का, हा प्रश्न तेव्हा होता, आजही आहे. केंद्र पूररेषेच्या वर असावे आणि शेजारच्या वस्तीची लेखी संमती घेतल्याशिवाय कुदळ मारू नये.

तिसरी अट वाट्याची. खत विकून येणारा पैसा आधी सफाई कामगारांच्या सुरक्षेवर खर्च व्हावा आणि अल्पभूधारकांना खत सवलतीत मिळावे.

मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला. त्याच परिषदेत मेलेली गुरे ओढण्यासारखी लाजिरवाणी कामे सोडण्याचाही आग्रह झाला. या दोन गोष्टी एकत्र का आल्या ते समजून घ्यावे. स्वच्छ पाणी आणि स्वाभिमान वेगळे काढता येत नाहीत. विनयपिटकात भिक्खूंच्या शौचकूपाचे नियम आहेत. तिथे ज्येष्ठ-कनिष्ठ पाहायचे नाही, जो आधी येईल तो आधी जाईल. आणि जागा घाण दिसली तर ज्याला दिसली त्याने धुवायची. घाण सर्वांची, म्हणून सफाईही सर्वांची. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आपल्या शहरांना अजून पेलला नाही.

आपल्या शाखांनी आणि महिला मंडळांनी यंदा एवढे करावे. वाडीतल्या विहिरीचे पाणी पावसाआधी आणि पावसानंतर तपासून घ्यावे, टीसीएल पावडर वेळेवर पडते का ते पाहावे. नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात विचारावे: उपसलेला गाळ कुठे टाकतात, किती टँकर आहेत, कामगारांना कोणती साधने दिली? उत्तर लेखी घ्यावे आणि पुढच्या बैठकीत सर्वांसमोर वाचावे. मैल्याचे सोने होवो, आमची हरकत नाही. त्या सोन्यासाठी कुणाचा माणूसपणा मात्र पुन्हा गहाण पडू द्यायचा नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!