अब्बू डावखुरे आहेत

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमचे हे दोन वर्षांनी कुवेतहून सुट्टीवर आले होते. पंचेचाळीस दिवसांची रजा होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या वाडीत कोयत्याने शहाळं तासत बसले होते. आमचा सात वर्षांचा धाकटा शेजारी उकिडवा बसून बघत होता. एकदम उठला आणि धावत माझ्याकडे स्वयंपाकघरात आला.

"अम्मी, अब्बू डावखुरे आहेत!"

मला हसू आलं. म्हटलं, "हो, मग? जेवतात उजव्या हाताने, पण काम सगळं डाव्या हाताने. लहानपणापासून तसंच आहे."

"मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला आणि पुन्हा वाडीत पळाला.

तव्यावरची भाकरी करपली तरी माझं लक्ष नव्हतं. हा मुलगा रोज इशाच्या नमाजनंतर बापाशी बोलतो. बापाची दाढी किती पिकली, चष्म्याची काडी कधी बदलली, सगळं त्याला ठाऊक आहे. पण फोनमध्ये दिसतो तो चेहरा. हात दिसत नाहीत. सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बापाचे हात माहीत नव्हते, आणि माझ्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आमच्या चौलला हे नवीन नाही. हिजरी 304, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमाराला अल-मसऊदी हा बगदादचा प्रवासी या किनाऱ्यावर आला होता. तेव्हा अरब लोक चौलला सैमूर म्हणत. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, उमान, बसरा आणि बगदादहून येऊन इथेच लग्न करून स्थायिक झालेले लोक आहेत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे समुद्रापलीकडे कुणीतरी असणं आणि अलीकडे कुणीतरी वाट बघणं, हे हजार वर्षांहून जुनं आहे. तेव्हा माणसं गलबतातून तिकडून इकडे येत, आता आमचे पुरुष विमानाने इकडून तिकडे जातात. पूर्वी पत्राला महिने लागायचे, आता चेहरा क्षणात समोर येतो. म्हणून आपल्याला वाटतं की अंतर संपलं. ते तेवढं सोपं नाही, हे मला त्या शहाळ्याने शिकवलं.

आधीच्या सुट्ट्या कशा जायच्या, ते परदेशात माणूस असलेल्या प्रत्येक घराला सांगायला नको. पहिले दोन दिवस बॅगा उघडणं. मग नात्यातले निकाह, कुणाच्या घरी मयत झाली असेल तिथे जाऊन येणं, बँकेची कामं, छपराची डागडुजी. चौथ्या आठवड्यात एकदम आठवतं की मुलांसाठी काहीच केलं नाही. मग गाडी ठरवायची, महाबळेश्वरला दोन रात्री राहायचं, दोनशे फोटो काढायचे आणि परत. आठवणी विकत आणल्याचं समाधान.

या वेळीही तोच बेत चालला होता. रात्री दस्तरखानावर यांनी मोठीला विचारलं, "मागच्या वेळचं महाबळेश्वर आठवतं ना?"

ती तेरा वर्षांची आहे आणि खरं बोलते. म्हणाली, "घाटात मला उलटी झाली होती, ते आठवतं."

"मग सगळ्यात जास्त काय आठवतं तुला?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "निसर्ग वादळ."

3 जून 2020 ची ती दुपार. अलिबागच्या दक्षिणेला चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या बघता बघता आडव्या झाल्या. मोठी तेव्हा आठ वर्षांची होती, धाकटा जेमतेम दोन. आमच्या घराचे पत्रे उडाले. एकाच स्लॅबच्या खोलीत आम्ही सगळे दबून बसलो होतो. सासरे मोठ्याने आयतुल कुर्सी पढत होते.

मला त्या दिवसांची आजही धास्ती वाटते. मोठी मात्र डोळे चमकवत सांगत होती. कितीतरी दिवस वीज नव्हती, म्हणून सगळे एका खोलीत झोपायचे. मगरिबनंतर कंदिलाच्या उजेडात दादी जिन्नाच्या गोष्टी सांगायची. दादा रोज संध्याकाळी काठी घेऊन वाडीत जायचे आणि पडलेल्या पोफळी मोजायचे, ती त्यांच्या मागे मागे आकडा म्हणायची. मोजून झालं की दादा तिला पोफळीच्या पडलेल्या झावळीवर बसवून अंगणापर्यंत ओढत आणायचे. "ते दिवस किती छान होते," ती म्हणाली.

हे गप्प झाले. त्या दिवसांत ते तिकडे अडकले होते. महामारीमुळे विमानं बंद होती. वादळानंतर इथले फोनही बंद पडले आणि चार दिवस आम्ही जिवंत आहोत की नाही, तेही त्यांना कळलं नव्हतं. लेकीच्या सगळ्यात मोठ्या आठवणीत ते कुठेच नव्हते. तो त्यांचा कसूर नव्हता. पत्रे पुन्हा घातले ते त्यांच्याच पैशांनी. पण पत्रे कुणी घातले, ते मुलांना आठवत नाही. झावळी कुणी ओढली, ते आठवतं.

रात्री हे म्हणाले, "गाडी सांगू नकोस. वाडीत जागा रिकाम्या आहेत, त्या भरू."

वादळानंतर सासऱ्यांनी जमतील तेवढी रोपं लावली होती. 2023 मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले आणि उरलेल्या जागा तशाच राहिल्या. आता बाप आणि दोन मुलं कामाला लागली. रोज फजरनंतर, ऊन चढायच्या आत दोन खड्डे. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ फूट अंतर, खड्डा दोन फूट खोल. सुपारीच्या रोपाला कोवळेपणी ऊन सोसत नाही, म्हणून मध्ये केळी लावायच्या. वीस खड्डे झाले. पाऊस धरल्यावर दीड वर्षाची रोपं आणून लावली.

मी शाळेला सुट्टी असल्याने खिडकीतून बघायची. फार काही बोलणं होत नसे. "माती ओढ." "दोरी धर." "अब्बू, गांडूळ!" पण त्या वेळात धाकट्याला कळलं की अब्बू काम करताना शीळ घालतात, चहा बशीत ओतून पितात आणि बेडकाला घाबरतात. मोठीला कळलं की तिच्या दादांनीही अब्बूंना असंच झावळीवरून ओढलं होतं. एका सकाळी दोघांनी मिळून बापालाच झावळीवर बसवलं. झावळी जागची हलली नाही, पण तिघंही हसून चिखलात बसले. फोटो काढायला तिथे कुणाकडे फोन नव्हता.

बकरी ईद झाली आणि हे परत गेले. खरा फरक त्यानंतर दिसला. आधी फोनवर दोन प्रश्न असायचे, "जेवलास का?" आणि "अभ्यास केलास का?" मुलगा "हो, हो" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचा. आता तो फोन घेऊन वाडीत जातो. "अब्बू, अकराव्याला नवीन पान आलंय. हे बघा." तिकडून सूचना येतात, "आळ्यात पाणी साचू देऊ नकोस. केळीचं पान कापू नकोस, सावली हवी."

सप्टेंबरमध्ये सतरावं रोप मेलं. आठवडाभर धाकटा कॅमेरा त्या बाजूला वळवेना. शेवटी यांनीच विचारलं, "सतरावं दाखव." मुलगा रडायला लागला. मला वाटलं, हे समजूत घालतील. त्यांनी विचारलं, "मुळाशी पाणी होतं का?" होतं. "मग तुझी चूक नाही, माझी. तिथे उतार आहे, मी चर काढायला हवा होता." मुलाचं रडं थांबलं. सात वर्षांच्या मुलाने बापाला चूक कबूल करताना ऐकलं. हा धडा मी शाळेत कितीही शिकवला असता तरी असा शिकवता आला नसता.

हदीसमध्ये अबू उमैर नावाच्या लहान मुलाचा प्रसंग येतो. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो पक्षी मेला आणि मूल उदास झालं. आपले प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम त्याच्या घरी यायचे तेव्हा त्या पक्ष्याची चौकशी करायचे. एवढी मोठी जबाबदारी खांद्यावर असताना त्यांनी मुलाला त्याच्या पक्ष्याविषयी विचारलं. आपण मात्र मुलांना नेहमी आपल्याच काळजीचं विचारतो, मार्क किती आणि जेवण झालं का.

माझ्या वर्गातही बारा-तेरा मुलांचे वडील परदेशात किंवा जहाजावर आहेत. त्यांच्या अम्मींना मी आता एकच गोष्ट सांगते. बाप आणि मूल यांच्यात एखादं काम असू द्या. वाडी हवीच असं नाही. कुंडीतला पुदिना चालेल, मोडकी सायकल चालेल, दादीच्या हातची एखादी जिन्नस शिकणं चालेल. सुट्टीत दोघांनी मिळून सुरू करावं आणि जाताना मुलाच्या हातात सोपवावं. मग फोनवर बोलायला विषय शोधावा लागत नाही.

याने दुरावा मिटतो, असं मी म्हणणार नाही. मोठीच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे, यांना अजून काही वर्षं तिकडेच काढावी लागतील. सुपारीलाही फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. त्या हिशेबाने पहिली सुपारी उतरेल तेव्हा धाकटा चौदाचा असेल. तोवर हे इन्शाअल्लाह कायमचे घरी आलेले असतील.

सतराव्या खड्ड्याची जागा सध्या रिकामी आहे. परवा धाकटा तिथे एकटाच चर काढत होता. तो उजवा आहे, पण कुदळ डाव्या हातात धरून बघत होता. जमत नव्हती. मी हाक मारली नाही.