माळावर खड्डे घेण्याआधी : जिल्ह्यातल्या गावकऱ्यांना जाहीर आवाहन

कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर, नगर आणि संगमनेरच्या पठारावरचे समस्त ग्रामस्थ, सरपंच आणि सदस्य, शिक्षक, तरुण मंडळं, तसंच पुण्या-मुंबईला राहून गावासाठी पैसे पाठवणारी मंडळी यांच्यासाठी हे आवाहन.

मृग तोंडावर आला आहे. जून लागला की गावोगावी खड्डे घेतले जातील, ट्रॉल्या भरून रोपं येतील, पाहुणे येतील, फोटो निघतील. झाडं लावायला कुणाचा विरोध असण्याचं कारण नाही. शाळेच्या आवारात, बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला जरूर लावा आणि लावलेली जगवा. विनंती एवढीच आहे, की गावच्या माळावर, गायरानावर कुदळ चालवण्याआधी तिथे काय उगवतं ते यंदा नीट पाहा.

आपला जिल्हा एकसारखा नाही. अकोले तालुक्याच्या टोकाला घाटघर-रतनवाडीकडे पाऊस हजारो मिलिमीटर कोसळतो आणि कर्जत-जामखेडकडे तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतल्या या भागात घनदाट जंगल सगळीकडे नव्हतंच. इथली खरी दौलत म्हणजे गवत, आणि गवतात मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हटलं गेलं आणि आपणही तेच म्हणू लागलो. पडीक म्हटलं की मुरूम उपसायला मोकळीक, कचरा टाकायला मोकळीक, आणि झाडं लावून ‘हिरवं’ करायलाही मोकळीक!

माळाची तब्येत ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, मेंढपाळाला विचारा. पवन्या आणि मारवेल दिसत असेल तर माळ खाऊन-पिऊन सुखी आहे. नुसती कुसळीच माजली असेल तर चराई जास्त झाली आहे, किंवा वणवे लागत आहेत. पुढे तीही हटते, तरोटा आणि गाजरगवत येतं, आणि शेवटी उघडा मुरूम. त्या कुसळीलाही नावं ठेवू नका. तिचं एक वाळलेलं कुसळ हातात घेऊन बघा : पुढे सुईसारखं टोकदार बी, मागे पीळ भरलेली लांब शेपटी. शेपटीला पाण्याचं बोट लावलं की पीळ सुटत ती गोल फिरू लागते. पावसाची ओल लागल्यावर ते बी असंच फिरत स्वतःला जमिनीत रोवून घेतं. खड्डा नको, टँकर नको, उद्घाटन तर नकोच.

अशा जित्या माळावर आपण गिरिपुष्पाच्या रांगा लावतो. शेळी तोंड लावत नाही म्हणून ते जगतं, आणि जगलं म्हणून कागदावर यशस्वी ठरतं. गावच्या जनावरांना त्याचा उपयोग काय, हे कुणी विचारत नाही. वेड्या बाभळीची गोष्ट तर सगळ्यांसमोर आहे. तिच्या शेंगा जनावरं खातात, लेंड्या-शेणातून बी पसरतं, आणि काही वर्षांत तिथे ना गवत राहतं ना पाय टाकायला जागा.

यात जाते ती केवळ वैरण नव्हे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल ही सगळी उघड्या माळाची प्रजा आहे, झाडीत ती राहत नाही. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झालं, ते जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. माळढोकसाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर मिळून प्रचंड मोठं अभयारण्य जाहीर झालं होतं. २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक वाचवायला नुसती नकाशावरची रेघ पुरली नाही. माळ माळ म्हणून राहायला हवा होता.

आता पाण्याचं. पावसाचा थेंब उघड्या मुरमावर आदळला की माती घेऊन ओढ्याला लागतो. गवताच्या ठोंबावर पडला की मुळांच्या जाळ्यातून खाली जिरतो. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्याने देशाला दाखवून दिली आहे. राळेगणसिद्धीचं काम १९७५ पासूनचं आणि सर्वांना ठाऊक असलेलं, म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही. हिवरे बाजारबद्दल मात्र एक गोष्ट बोलायची राहून जाते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, नंतर बंधारे झाले, चर झाले, बोअरवर शेती न करण्याचा आणि ऊस न लावण्याचा नियम झाला, पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. बघायला येणारे बंधारे आणि चर पाहून परततात. पण डोंगर हिरवा झाला त्यात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा वाटा फार मोठा होता. जनावरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून घरी आणायचं. गवत वाढलं, दावणीला दुभती जनावरं आली आणि गावचं दूध दिवसाला काही शे लिटरांवरून काही हजार लिटरांवर गेलं. जेसीबीला पैसे मिळतात, राखणीला मिळत नाहीत, म्हणून आपण चर उचलले आणि राखण विसरलो.

चरांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. उघड्या बोडक्या उतारावर सलग समतल चर उपयोगीच आहेत. पण जिथे गवत धरून आहे तिथे यंत्राने चर मारणं म्हणजे शेकडो वर्षांत साठलेला मातीचा पातळ थर उलटा करणं.

चराईबंदी म्हटल्यावर मेंढपाळ भाऊ नाराज होतील, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला १९९६ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या साथीने पाणलोटाचं काम सुरू झालं, तेव्हा बंदीला कळपवाल्यांचा विरोध झाला. तोडगा निघाला तो टप्प्याटप्प्याचा : सगळं रान एकदम बंद नाही, एक तुकडा राखायचा, बाकीचा मोकळा. पूर्वी तिथे वर्षात तीन-चार महिनेच शेतीचं काम मिळायचं, नंतर ते नऊ-दहा महिने मिळू लागलं. ज्या जिल्ह्याला चौंडीच्या धनगराघरी जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव आहे, त्या जिल्ह्यात माळ राखण्याच्या नावाखाली मेंढरांना हाकलून देणं शोभणार नाही. शिवाय ते शहाणपणाचंही नाही. माळ बिघडतो तो सालभर एकाच जागी चरण्याने. येऊन-जाऊन चरणाऱ्या कळपाचं माळाशी वैर नाही.

म्हणून यंदा प्रत्येक गावाने गायरानाचा एक तुकडा, एक-दोन एकरांचा का असेना, पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत राखावा. तुकडा कोणता, हे मेंढपाळ आणि शेळ्या वळणाऱ्या बाया यांना बरोबर नेऊन ठरवा, चावडीत बसून नको. पहिली दोन वर्षं बी गळून पडू द्या, मग कापा. पुढे गवत फुलोऱ्यात कापलं तर वैरण जास्त सकस मिळते, मात्र थोडा पट्टा बियाण्यासाठी सोडायचाच. जिथे काहीच उरलेलं नाही तिथे बांधावरचे मारवेलचे ठोंब काढून पावसात लावा. पवन्याचं बी माती-शेणात कालवून वरच्यावर टाका, खोल पुरू नका. बी आणि ठोंब कुठले घ्यावेत यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चाऱ्यावर काम करणाऱ्यांना विचारता येईल.

वेडी बाभूळ नुसती तोडू नका, बुंध्यापासून दुप्पट फुटते. ओल असताना मुळाच्या गड्ड्यासकट काढा, आणि झेपेल तेवढीच काढा. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात गवत टाकलं नाही तर तिथे गाजरगवत बसलंच म्हणून समजा. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायचं आणि हातमोजे घालून. कातडीला खाज आणि दम्याचा त्रास होतो, शाळेच्या पोरांना त्या कामाला लावू नका. पोरांना दुसरं काम द्या : माळावरची गवतं, पक्षी, किडे यांची म्हाताऱ्या माणसांकडून कळलेली गावची नावं लिहून काढायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची नोंदवही कुठल्या कपाटात आहे, तेवढं एकदा ग्रामसेवकांना विचारा.

उन्हाळ्यात माळ पेटवल्याने पुढच्या वर्षी चांगलं गवत येतं, हा समज सोडून द्या. माती उघडी पडते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची पिल्लं जळतात.

शहरातल्या मंडळींनी यंदा हजार रोपांऐवजी एका राखणदाराचा पाच-सहा महिन्यांचा पगार द्यावा. त्याचा फलक लावता येणार नाही, हे मान्य. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक बिघडलेल्या परिसंस्था सावरण्यासाठी जाहीर केलं आहे. त्याचा अर्धा काळ सरला, आणि आपल्याकडे अजून खड्ड्यांचीच मोजणी चालू आहे.

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात राखीव तुकड्याचा गट नंबर आणि चतुःसीमा लिहा, कापणीचा हक्क आधी भूमिहीन आणि शेळी-मेंढीवाल्या घरांना द्या, मेंढरांची येण्या-जाण्याची वाट मोकळी ठेवा, आणि मुरूम उपसायला त्या गटात परवानगी नाही हे वाक्य विसरू नका. वृक्षारोपणाचा कार्यक्रम आधीच ठरला असेल तर पाहुण्यांना शाळेच्या आवारात न्या.