फुटावर मोजलेली बोअर

होळी झाली की पनवेल तालुक्यात रिगच्या गाड्या दिसायला लागतात. नेरे, वाजे, आकुर्लीकडे बंगल्यांचे प्लॉट, सुकापूर, विचुंबे, उसर्लीला टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या, डोंगराच्या बाजूला फार्महाऊस. गाडी बहुतेक वेळा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, एजंट इथला, प्लॉटचा मालक मुंबईचा. या तिघांतला सौदा एका प्रश्नावर होतो : फुटाला किती? केसिंगचे वेगळे, बाकी सगळं फुटावर. या हंगामात आमचं आपल्या वाचकांना एकच सांगणं आहे : हा सौदा बदला. घरगुती बोअर वीस वर्षं चालणार की तीन, हे ज्यावर ठरतं त्यातलं जवळजवळ काहीच फुटात मोजता येत नाही. जे मोजलं जात नाही त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि पैसे मिळत नाहीत म्हणून ते काम होतही नाही.

आधी इथल्या जमिनीबद्दल. पनवेलला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. एवढं पाणी पडूनही मार्चनंतर विहिरी खरवडायला लागतात, कारण खाली डेक्कन ट्रॅपचा काळा पाषाण आहे. त्याच्या पोटात पाणी साठवायला जागा फार थोडी. वरचा मुरूम, कुजका खडक, दोन लाव्हाथरांच्या सांध्याजवळचा सच्छिद्र भाग आणि फटी, एवढीच काय ती साठवण. पावसाळा संपला की त्यातलं बरंचसं पाणी गाढी, कासाडी, काळुंद्रे या नद्यांच्या वाटेने खाडीला निघून जातं. शहराच्या हक्काचं देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठतं, तसेच हे भूजलाचे छोटे कप्पेही तळ गाठतात.

इथे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तालुक्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी. भूशास्त्रात या गावाच्या नावाची एक रचना जगभर ठाऊक आहे, पनवेल फ्लेक्शर. सह्याद्रीच्या माथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. किनाऱ्याकडे येताना, आपल्याच पट्ट्यात, ते वाकून पश्चिमेला कलतात. शिवाय त्यांना छेदत उभ्या गेलेल्या डाइक नावाच्या खडकभिंती जागोजागी आहेत. म्हणजे ‘शेजारच्या प्लॉटवर ११० फुटांवर पाणी लागलं, तुम्हालाही तिथेच लागेल’ हे वाक्य पुण्या-नगरच्या पठारावर बऱ्यापैकी खपून जाईल, इथे नाही. थराचा कल दहा अंश धरा आणि जमीन सपाट धरा. शंभर फूट पश्चिमेला सरकलात की तोच पाण्याचा थर जवळजवळ १८ फूट खाली जातो. कल जास्त असेल तर आणखी खाली. मध्ये डाइक आडवा आला तर एका बाजूला भरपूर पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडा पाषाण, असंही होतं. या प्रकाराला नशीब म्हणू नये. आपण खडकाची नोंद ठेवत नाही म्हणून ते नशीब वाटतं.

पाणी लागलं नाही की फुटावारी दर आपल्याला खाली ढकलतो. दोनशे झाले, तीनशे करू. तीनशे झाले, अजून एक रॉड. मालकाच्या मनातली आशा आणि आपला हिशेब इथे एकाच दिशेला ओढतात, म्हणून थांबायला सांगणारं तिथे कोणी उरत नाही. पण पाषाणात जसजसं खाली जावं तसतशा फटी साधारणपणे कमी होतात आणि मिटतात. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अमलात आहे. तो ६० मीटरपेक्षा, म्हणजे १९७ फुटांपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर मानतो, तिच्यावर बंधनं घालतो आणि रिगच्या मालकाला नोंदणी सक्तीची करतो. हा कायदा आपल्यातल्या अनेकांनी अजून वाचलेलाही नाही. खाडीजवळच्या प्लॉटवर तर जास्तीची खोली म्हणजे थेट नुकसान. वरचं गोडं पाणी सोडून आपण खाऱ्या पाण्यापर्यंत वाट करून देतो, आणि तीच वाट वरचं गोडं पाणीही नासवते. खारं लागलं तर तळ चिकणमाती आणि सिमेंटने गोड्या थराच्या खालपर्यंत बंद करूनच गाडी हलली पाहिजे. हे काम उणे फुटांचं आहे. सध्याच्या दरपत्रकात त्याला जागाच नाही.

आता केसिंग. बोअरचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वरचा, आणि आपण सगळ्यात घाई तिथेच करतो. मुरूम संपला, पाषाण लागला, केसिंग ठोकलं, भोवती भोकातून निघालेला चुरा लोटला, आणि पुढे साडेसहा इंची बिट सुरू. केसिंग आणि जमीन यांच्यामधली ती चार बोटांची पोकळी तशीच राहते. पहिल्या जोराच्या पावसात अंगणातलं, गटारातलं, शोषखड्ड्यातलं पाणी याच पोकळीतून सरळ खाली उतरतं. पावसाळ्यात बोअरला लाल पाणी येतं, वास येतो, आणि मालक फिल्टरवाल्याला बोलावतो.

पनवेलच्या आसपास गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवर हा धोका किती मोठा आहे ते मोजून बघा. सेप्टिक टँकच्या पाण्याचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट लांब असावा, असं भारतीय मानक सांगतं. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. त्याचा कर्णसुद्धा ४७ फुटांचा. बोअर एका कोपऱ्यात आणि शोषखड्डा समोरच्या कोपऱ्यात नेला तरी ते अंतर मिळत नाही, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा खड्डा आपल्या हातात नसतोच. अशा प्लॉटवर घरातल्या लहान मुलाच्या आणि शौचालयाच्या पाण्याच्या मध्ये भरवशाची एकच गोष्ट आपल्याला करता येते, नीट बंद केलेलं केसिंग. ज्यांनी पिण्यासाठी बोअर मागितली त्यांना हे न करता बोअर देणं आम्हाला चूक वाटतं, मग दर कितीही पडेल असो.

काम अवघड नाही. वरचा भाग मोठ्या बिटाने मारा. कुजका खडक पूर्ण संपवून सलग पाषाणात चार-पाच फूट आत केसिंग बसवा. लाल गेरूचा थर वरच्या भागात लागला तर तो केसिंगच्या आड गेलाच पाहिजे, कारण भिजल्यावर तो सुटतो आणि पंप गाळात रुततो. तळाशी थोडं बेंटोनाइट टाका. मग बारीक पाइप पोकळीच्या तळापर्यंत सोडून सिमेंटचं पातळ मिश्रण खालून वर चढवा, वरून ओतू नका. ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. भोक १० इंची, केसिंग १८० मिलिमीटरचं आणि खोली ४० फूट असेल तर सात-आठ गोण्या लागतील. पीव्हीसीचं केसिंग असेल तर आत पाणी भरून ठेवा आणि सिमेंट टप्प्याटप्प्याने सोडा, नाहीतर बाहेरच्या दाबाने पाइप चेपतो. खरा खर्च सिमेंटचा नाहीच. तो एक दिवस थांबण्याचा आहे. सिमेंट धरेपर्यंत बिट पुन्हा आत घालता येत नाही, आणि उभी गाडी कोणाला परवडत नाही. यावर जवळजवळच्या दोन जागा एकत्र घेणं हा व्यवहारी मार्ग आहे. पहिल्या जागेचं केसिंग भरून दुसरीकडे जावं, दुसऱ्या दिवशी परत यावं. पण त्या फेरीचे पैसे दरपत्रकात स्पष्ट लिहिलेले हवेत.

आपल्या क्षेत्राने हे एकदा चांगलं करून दाखवलेलं आहे, आणि तेही महाराष्ट्रात. साठच्या दशकाच्या अखेरीपासून १९७२ च्या दुष्काळापर्यंत मराठवाड्यात आणि सोलापूर भागात पाषाणातल्या बोअरवर टिकणारा हातपंप बसवण्याची खटपट चालली होती. जालना आणि सोलापूरच्या त्या पंपांतूनच पुढे युनिसेफच्या पुढाकाराने इंडिया मार्क टू तयार झाला आणि जगभर गेला. त्याच्या दांड्याचं आणि साखळीचं कौतुक सगळे करतात. पण त्याचा पाया बघा. पंपाचं खोड केसिंगच्या वरून बसतं आणि सिमेंटच्या ओट्यात पक्कं गाडलं जातं, म्हणजे सांडलेलं पाणी पुन्हा भोकात जात नाही. गावच्या सरकारी हातपंपाला ही काळजी मिळाली. लाखो रुपयांच्या बंगल्यातली बोअर मात्र प्लास्टिकच्या पिशवीने तोंड बांधून उभी असते.

पाणी किती, हे आपण सांगतो तेही सैल. कॉम्प्रेसरच्या हवेने उडालेल्या पाण्याला ‘दोन इंची’ म्हणून मोकळं व्हायचं, आणि त्यावर विश्वासून सोसायटी मोटार घेते. चाळीस सदनिका, घरात चार माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला २१,६०० लिटर लागतात. तेवढं ती बोअर मे महिन्यात देईल का, हे जुलैच्या भरल्या खडकात मारलेल्या बोअरवरून कळत नाही. पंप सोडून निदान चार-सहा तास चालवा, दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी मोजा, २०० लिटरचा पिंप किती वेळात भरतो ते लिहा, बंद केल्यावर पातळी किती वेळात वर येते तेही लिहा. मोटार या आकड्याच्या आतली बसवायची. पावसाळ्यात काम झालं असेल तर मालकाला सांगून मे महिन्यात पुन्हा एकदा चाचणी करायची, आणि तिचेही पैसे घ्यायचे.

देखभालीबद्दल थोडक्यात. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मेअखेर, पाण्याची स्थिर पातळी मोजून ठेवा. पातळी दरसाल खाली जात असेल तर रोग पाण्याचा, पातळी तीच राहून उपसा घटला असेल तर रोग पंपाचा किंवा गाळाचा. पंप वर काढला की बोअरचं निर्जंतुकीकरण करूनच खाली सोडा. साडेसहा इंची भोकात फुटाला साडेसहा लिटर पाणी असतं. २०० फूट पाणी उभं असेल तर १,३०० लिटर, आणि त्याला ३३ टक्के क्लोरिनची टीसीएल पावडर २०० ग्रॅम पुरते. आधी बादलीत कालवा, निवळी तेवढी सोडा, गाळ टाकून द्या. बारा तास ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसा, आणि ते पाणी झाडांना किंवा सेप्टिक टँकमध्ये जाऊ देऊ नका. दरवर्षी पावसाळ्यानंतर जंतुतपासणी, खाडीच्या बाजूला क्लोराइड, तळोजा औद्योगिक वसाहतीच्या आसपास रासायनिक तपासणीही. कासाडीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे. त्या नदीकाठी बोअर देताना पाण्याचा अहवाल हातात असल्याशिवाय ‘पिण्यायोग्य’ हा शब्द कोणी उच्चारू नये.

कोरडी गेलेली बोअर हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. २००६ मध्ये हरियाणात प्रिन्स नावाचा लहान मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. तो वाचला. त्यानंतर कितीतरी मुलं वाचली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिले : काम सुरू करण्याच्या पंधरा दिवस आधी लेखी सूचना, जागेवर फलक आणि कुंपण, केसिंगभोवती ३० सेंटिमीटर जमिनीवर आणि ३० सेंटिमीटर जमिनीखाली असा काँक्रीटचा ओटा, तोंडाला पक्कं झाकण, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून बंद. पाणी न लागलेल्या बोअरचा मालक आधीच वैतागलेला असतो, भरण्याचे वेगळे पैसे त्या दिवशी तो देणार नाही. म्हणून ते पैसे सौद्यातच, पहिल्या दिवशी, ‘पाणी न लागल्यास बोअर बुजवणे’ या नावाने धरले पाहिजेत. पाणी लागलं तर परत करा.

पुढच्या अंकासोबत आम्ही दोन छापील नमुने देत आहोत. पहिलं दरपत्रक : त्यात मोठं भोक, केसिंग, सिमेंटने पोकळी भरणं, थांबण्याचा दिवस, धुलाई, उपसा चाचणी, ओटा आणि झाकण, बुजवणी, अशा प्रत्येक कामाची स्वतंत्र ओळ आहे, आणि फुटाचा दर त्यातली फक्त एक ओळ आहे. दुसरी बोअरची नोंद : कोणत्या फुटावर कोणता खडक, कुठे पाणी, केसिंग कुठपर्यंत, किती गोण्या गेल्या, स्थिर पातळी, उपसा, आणि जागेचे अक्षांश-रेखांश. एक प्रत मालकाला, एक आपल्याकडे. तिसरी प्रत मालकाच्या संमतीने, नाव-पत्ता वगळून, आमच्याकडे पाठवा. पनवेल तालुक्यातल्या नोंदी पुरेशा जमल्या की वाकलेल्या थरांचा गावनिहाय तक्ता याच मासिकात छापू, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात नेऱ्याला गाडी लावणाऱ्याला उसर्लीचा अंदाज वापरावा लागणार नाही.