वाचता येतं, मग शब्द कुठे अडतो? बुलढाण्याच्या वर्गांना गटवाचन का हवं

पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र ढवळून निघाला. २९ जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं आणि वाद थोडा थंडावला. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहिला: शाळेत मुलं जी मराठी वाचतात, तिचे शब्द त्यांना कळतात का?

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. इथे घरी शेताला 'वावर' म्हणतात, कोळपणीला 'डवरणी', कापणीला 'सोंगणी'. 'का' असं कुणी विचारत नाही, 'काहून' विचारतात. सहा वर्षांचं लेकरू एवढं सगळं घेऊन शाळेत येतं आणि पुस्तकात यातलं फारसं काही सापडत नाही. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत तर निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी या भाषेचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही, आणि ती बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. त्या घरातल्या मुलाला वऱ्हाडीसुद्धा शिकूनच घ्यावी लागते.

फळ्यावरचे शब्दार्थ का टिकत नाहीत?

पद्धत तुम्हालाही आठवत असेल. धडा वाचून झाला की फळ्यावर शब्द, बरोबरचं चिन्ह, अर्थ. वहीत उतरवायचं, परीक्षेत लिहायचं, विसरायचं. एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द मिळतो, एवढंच.

मग नुसतं भरपूर वाचू द्यावं का? तेही पुरत नाही. दोन डच संशोधकांनी १९९९ मध्ये अशा २० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. वाचता वाचता भेटलेल्या १०० अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५ च्या आसपास शब्द मुलं आपोआप शिकतात, असं त्यात दिसलं. बाकीचे डोळ्यांखालून निघून जातात.

वाचनवेगाचंही तसंच. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं लक्ष्य आहे. ६० शब्द मोजायला घड्याळ पुरतं. 'अर्थासह' कशाने मोजायचं, इथे गाडी अडते.

गटात बसून नेमकं काय करायचं?

अमेरिकेत ॲनमारी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवीतली ही मुलं अस्खलित वाचायची, पण वाचलेलं त्यांना समजत नसे. छोट्या गटात उतारा वाचायचा, थोडक्यात सांगायचा, प्रश्न विचारायचा, अडलेलं सोडवायचं आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. पाळीपाळीने प्रत्येक मूल 'गुरुजी' होतं. मुलांचं आकलन स्पष्टपणे सुधारलं.

हे बुलढाण्यात आणून बघू. समजा, लोणार सरोवरावर एक पानभर मजकूर आहे. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? पाचवीची पाच मुलं गोल करून वाचतायत. 'क्षारता वाढली' इथे सगळे थांबतात. क्षारता म्हणजे काय? कुणी म्हणतं, मीठ. कुणी म्हणतं, आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, तसं असेल. झालं, शब्द हाती लागला, कारण 'खार' हा 'क्षार'चाच घरगुती अवतार आहे. पुढे 'आघात' येतो. टीव्हीवरच्या मालिकेत तो मनावर होतो, इथे उल्केचा जमिनीवर झालाय. मुलं यावर भांडतात, आणि भांडलेला शब्द सहसा विसरत नाहीत.

मला सर्वात आवडणारी साखळी गणिताच्या तासाची आहे. वावर म्हणजे शेत. 'शेत' आलंय 'क्षेत्र'वरून. आणि क्षेत्रफळ म्हणजे वावर किती मोठं, त्याचं माप. 'वावर' बोलल्यावर मुलाला 'नीट बोल' म्हणून गप्प केलं, तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

अर्थात गट पाडले की काम झालं असं नाही. बहुतेक गटांत एकच चुणचुणीत मूल बोलतं आणि चार जण माना डोलावतात, म्हणून पाळी ठरलेली हवी. चुकीचा अंदाज तसाच पक्का होऊ नये, यासाठी शेवटी शिक्षकाने किंवा शब्दकोशाने निकाल द्यायला हवा. सगळेच शब्द चर्चेला घेतले तर धडा संपायचा नाही. 'प्रमाण', 'परिणाम', 'तुलना' असे सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा भेटणारे तीन-चार शब्द निवडलेले बरे. तेच शब्द आठवडाभर वर्गात, खेळात, वहीत परत यायला हवेत.

खरी अडचण वेळेची आहे. दोन शिक्षक आणि पाच वर्ग असलेल्या शाळेत एका गटाजवळ अर्धा तास बसायचं तर बाकीच्यांचं काय? इथे मोठी मुलं लहानांचे गट चालवू शकतात, पण त्यासाठी त्यांना आधी तयार करावं लागतं आणि वेळापत्रकात तशी तासिका ठेवावी लागते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, त्यात पुस्तकं किती वाचली हे सांगितलं जातं. वाचून बोललं किती, याचा रकाना नसतो.

आणि गटात निहाली घरातलं मूल असेल, तर त्याचा शब्द शिक्षकालाही ठाऊक नसतो. मग तो त्या मुलाकडून ऐकायचा, फळ्यावर देवनागरीत लिहायचा आणि त्याच्या शेजारी मराठी शब्द मांडायचा. त्या दिवशी नवा शब्द शिकायची पाळी बाकीच्या चौघांची.