आधी विचारा, मग पाना उचला

सोलापूरहून चादरी-टॉवेलांच्या गाठी भरून येताना माझी फोर-व्हील जीप तुळजापूरच्या घाटात झटके देऊ लागली. एका मिस्त्रीने काही न विचारता डिझेल पंपच खोलला. हजारो रुपये गेले, दोन आठवडी बाजार बुडाले, झटका कायम! दुसऱ्या मिस्त्रीचाचांनी आधी विचारले, "सेठ, झटका नेमका कधी येतो?" मी म्हणालो, चढावर, भरल्या गाडीला. त्यांनी डिझेल फिल्टर उघडला. आत पाणी आणि कचरा. फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, काम फत्ते.

व्यापारी बांधवांनो, खूण ओळखायला शिका. चढावर गाडीचा दम तुटतो, तर आधी फिल्टर पाहा. जागेवरून उचलतानाच थरथरते, तर क्लच. ॲक्सिलेटर दाबताच खालून 'खट' आवाज येतो, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. वळणावर अडखळते, तर फोर-व्हीलचा दांडा लागलेला असेल. जीपचा हा दांडा चिखलासाठी आहे, कोरड्या डांबरी सडकेसाठी नाही. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. म्हणूनच चारही टायर एकाच मापाचे ठेवा.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत स्कॅनर कोड दाखवतो. पण कारण शोधावे लागते माणसालाच.

मिस्त्री भाईंना एकच अर्ज. आम्ही थान उलगडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो, कशासाठी हवे? तोच शिरस्ता गॅरेजातही यावा. गिऱ्हाइकाचा भरवसा हीच दोघांची खरी पुंजी.