तालीम किती वाजता संपते?

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत बस्तान बसवलेल्या आपल्यासारख्या मंडळींना ऑफिसबाहेरचा एक जॉब फुकटात मिळतो. बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन येतो, 'अगं, तू तिथेच असतेस ना? जरा कॉलेजं दाखव की हिला.' पाहुणा इंजिनीअरिंगवाला असेल तर काम सोपं. कटऑफ, फी, प्लेसमेंट, मेसचं जेवण. चार प्रश्न, एक एक्सेल शीट, खेळ खल्लास. पण पाहुणी म्हणाली, 'ताई, मला नाटक करायचंय,' तर एक्सेल शीटमध्ये कॉलम कुठले टाकणार?

माझ्या वाट्याला हीच केस आली. नाशिकची मावसबहीण. शाळेत बालनाट्य, ज्युनिअर कॉलेजात एकांकिका, बारावी कॉमर्सला बऱ्यापैकी मार्क. मावशी कुंपणावर. काकांचं म्हणणं मात्र क्लीअर, 'छंद म्हणून कर ना, कोण नाही म्हणतंय? डिग्री धड हवी.'

पुरावा म्हणून काकांकडे डॉक्टरांची अख्खी फौज. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. सतीश आळेकर डॉक्टर नसले तरी बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट! १९७२ साली पटेलांनी 'घाशीराम कोतवाल' बसवलं आणि आगाशे नाना झाले, ते काही डॉक्टरकी सोडून नव्हे. मुद्दा बिनतोड वाटतो. त्यावर बहीणबाईंचं उत्तर तयार होतं, 'बाबा, डॉ. लागूंनी १९६९मध्ये पूर्णवेळ नाटकच धरलं ना?' मी गप्प बसले, पण मनात दुसरंच आलं. त्या लोकांची संध्याकाळ संध्याकाळीच सुरू व्हायची. कॉलेजात करंडक गाजवलेले आणि आता रात्री साडेनऊला लॅपटॉप बंद करणारे किती जण तुमच्या फ्लोअरवर आहेत, मोजून बघा. 'छंद म्हणून कर' हे वाक्य त्यांनाही कुणीतरी ऐकवलेलं असणार.

असो. चार दिवसांची सुट्टी टाकली, बॅगा भरल्या आणि निघालो. दोन दिवस मुंबई, दोन दिवस पुणे.

आधी होमवर्क. नाटकवाल्यांसाठी रस्ते मुळात तीन आहेत. पहिला, साधं डिग्री कॉलेज, पण नाटकाचं वेड असलेलं. मुंबईत रुईया, रुपारेल, कीर्ती, साठ्ये. पुण्यात फर्ग्युसन, एसपी, बीएमसीसी, गरवारे. इथे दिवसा इकॉनॉमिक्स आणि संध्याकाळी तालीम. सगळं वर्ष फिरतं ते करंडकांभोवती. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून, फिरोदिया १९७४पासून. पुरुषोत्तम म्हणजे भरत नाट्य मंदिर आणि 'आव्वाज कुणाचा'ची आरोळी, तर फिरोदियात नाटकासोबत नाच, गाणं, चित्रकला सगळंच एका स्टेजवर. आणि ही काही गंमत नाही. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका लायक नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नव्हता!

दुसरा रस्ता, नाटक हीच डिग्री. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारातलं ललित कला केंद्र. संगीत, नृत्य, नाट्य, तिन्हीत बीए आणि एमए. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. आणि बडोद्याला विसरू नका. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी सयाजीरावांच्या १८८६ सालच्या संगीतशाळेतून वाढली आहे.

तिसरा रस्ता पदवीनंतरचा. मुंबई विद्यापीठाची कलिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, १९५९ साली सुरू झालेलं दिल्लीचं एनएसडी. तिथे पदवी लागते, पण ती नाटकाचीच हवी असं नाही. वर एनएसडीला नाटकात काम केल्याचा अनुभवही हवा. हे ऐकून काका भलतेच खूश. 'बघ, म्हणजे आधी बीकॉम!'

मुंबईतला पहिला धडा एका कॉलेजच्या खिडकीवर मिळाला (नाव नको). 'नाटकाबद्दल विचारायचं होतं,' म्हटल्यावर आतून आवाज आला, 'गॅदरिंग डिसेंबरात.' खिडकी बंद. तेव्हाच ठरवलं, यापुढे ऑफिसात विचारायचं नाही, कट्ट्यावर विचारायचं.

कट्ट्यावर खरं कळतं. पहिल्या वर्षाला काम मिळतं का? तर मिळतं, प्रॉपर्टी सांभाळायचं, प्रॉम्प्टिंगचं आणि चहा आणायचं. स्टेजवर बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे. अटेंडन्सचं काय? तालमीच्या दिवसांची हजेरी काही ठिकाणी प्राध्यापक सांभाळून घेतात, काही ठिकाणी परीक्षेच्या तोंडावर ब्लॅकलिस्ट लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करंडक नसतो तेव्हा ग्रुप काय करतो? या प्रश्नावर एका कॉलेजची पोरं एकमेकांकडे बघून हसली. दुसऱ्या कॉलेजात एकाने सांगितलं, 'दर शनिवारी एक नाटक वाचतो.' बहीणबाईंनी वहीत दुसऱ्या कॉलेजपुढे स्टार काढला. अधूनमधून कीर्तीबाहेरचा वडापाव वगैरे झालंच.

पुण्यात दुसरा धडा. एका मुलींच्या हॉस्टेलवर गेलो. खोली छान, बाई प्रेमळ, गेट साडेआठला बंद. लेक्चर संपवून सहाला सुरू होणारी तालीम दहापर्यंत चालते. मग मुली काय करतात? 'पीजी बघतात, नाहीतर नाटक सोडतात,' तिथल्याच एका मुलीने थंडपणे सांगितलं. मुलग्यांच्या हॉस्टेलला ही अडचण नव्हती. म्हणजे मुलीच्या नाटकाचा खरा खर्च फीच्या रकान्यात नसतोच, तो पीजीच्या भाड्यात आणि रात्रीच्या रिक्षात असतो. हा आकडा आईबाबांसमोर आधीच ठेवलेला बरा. सप्टेंबरमध्ये कळला तर पहिली कात्री नाटकालाच लागते.

शेवटच्या दिवशी ललित कला केंद्र. गणेशखिंडच्या झाडीत शिरलं की एका खोलीतून तंबोरा, दुसरीतून घुंगरू. अंगणमंचावर कुणी संवाद घोकत बसलं होतं. मी लगेच प्रश्नांची यादी काढली. बहीणबाई मात्र गायब. शोधलं तर एका शिडीखाली उभी. वर चढलेली मुलगी दिव्यावर रंगीत जिलेटिन चढवत होती आणि या दोघींचं काहीतरी अगम्य चाललं होतं, कुठला दिवा कुठून मारला की चेहऱ्यावर सावली पडत नाही, वगैरे. चांगली वीस मिनिटं.

नंतर वैशालीत एसपीडीपी समोर आल्यावर तिने बॉम्ब टाकला. 'ताई, मला अ‍ॅक्टिंग नाही करायची. लाइट्स करायचेत.'

कॉलेजच्या गेल्या दोन एकांकिकांची प्रकाशयोजना तिचीच होती म्हणे. घरचे प्रयोगाला यायचे, स्टेजवरच्या पोरांसाठी टाळ्या वाजवायचे आणि हिला विचारायचे, 'तू कधी आलीस गं स्टेजवर?' अख्ख्या घराचं भांडण 'मुलगी नटी होणार' यावर चाललं होतं आणि मुलगी तिकडे डिमर बोर्डापाशी बसली होती.

इथे एक्सेल शीट एकदम सरळ झाली. डिग्री कॉलेजात वर्षाला दोन-तीन एकांकिका, म्हणजे दिव्यांना हात लावायची संधी दोन-तीनदा. त्यातही काही ग्रुप लाइट्ससाठी बाहेरचा माणूस बोलावतात. जिथे नाटकच शिकवतात, तिथे रोज काहीतरी उभं राहतं आणि त्यावर कुणीतरी उजेड पाडावाच लागतो. नटाला कॉलेजचा कट्टाही पुरेल कदाचित. लाइटवालीला दिवे लागतात.

रात्री काकांना फोन लावला. आधी शांतता. मग, 'म्हणजे सिनेमात जाणार नाही?' म्हटलं, 'ते तिचं तिलाही माहीत नाही अजून.' 'पगाराचं काय?' मी खरं तेच सांगितलं. व्यावसायिक नाटकात महिन्याचा पगार नसतो, प्रयोगागणिक पैसे मिळतात, त्याला 'नाइट' म्हणतात. प्रयोग आहे तर नाइट आहे. एक तारखेला सॅलरी क्रेडिटचा मेसेज येणाऱ्या आपल्या जमातीला हे ऐकूनच घाम फुटतो. पण नाटक, नाच, गाणं, इव्हेंट, सगळीकडे दिवे लागतात, हेही सांगितलं. काका पुन्हा गप्प. शेवटी म्हणाले, 'शॉक-बिक लागणार नाही ना तिला?'

मावशीच्या मते हा होकार होता.

तर फॉर्म भरलाय. केंद्राच्या प्रवेशासाठी प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं, त्यामुळे सध्या घरात टेबललॅम्प आणि पतंगाच्या कागदाचे प्रयोग चालू आहेत. नाहीच जमलं तर दुसऱ्या नंबरवर पुण्यातलं स्टारवालं डिग्री कॉलेज. पीजीच्या भाड्याचा आकडा काकांच्या डायरीत गेलाय.

तुमच्याकडे असा फोन आला तर या गोष्टी लक्षात ठेवा. ऑफिसची खिडकी टाळा, कट्टा गाठा. शक्य तर संध्याकाळी जा, सकाळी सगळी कॉलेजं सारखीच दिसतात. तालीम किती वाजता संपते आणि हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहा. पहिल्या वर्षाला काय काम मिळतं आणि करंडक नसताना काय चालतं, ते विचारा. ट्रॉफीचं कपाट बघा, पण तालमीची खोलीही बघा, कुलूप लावलेली आहे का उघडी.

आणि गाडीत बसायच्या आधी पाहुणीलाच एक प्रश्न टाका, 'नाटकात तुला नेमकं काय करायचंय?' घरात हा प्रश्न कुणीच विचारत नाही. सगळे 'करू द्यायचं की नाही' यावरच भांडत असतात.